चावडीची पायरी आणि समाजमंदिराची किल्ली

गावाचा इतिहास लिहिणारे आपले विद्वान देवळापासून सुरुवात करतात. माझ्या मते तो बसण्याच्या जागेपासून लिहावयास हवा. गावात कोण कुठे बसतो आणि चार माणसे एकत्र बोलावण्याचा अधिकार कोणाला, यावरून गावातली सत्ता कोणाची हे कळते.

चावडी साऱ्या गावाची, असे म्हटले जाई. पाटील-कुळकर्णी आत बसत. वतनदार महार पायरीखाली जोहार घालून हुकमाची वाट पाहत उभा राही. वसुलाचा पैसा पोचवायचा त्याने, दवंडी द्यायची त्याने, शिवेची साक्षही त्यानेच द्यायची. बसायचे मात्र नाही. ही गुलामी मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले. ही वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

कागदावर हक्क त्याआधीच मिळाला होता. ४ ऑगस्ट १९२३च्या बोले ठरावाने सार्वजनिक पैशातून चालणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली ठरवली. तरीही डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या मांडवाला एकही स्पृश्य जागा देईना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. आमच्या खानदेशात १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद म्हणून बहिष्काराची चौकशी करून परतताना चाळीसगावला उतरले. त्यांना महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी वस्तीतल्याच अननुभवी माणसाने टांगा हाकला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. जिथे पाहुण्याला वस्तीपर्यंत नेणे इतके अवघड, तिथे त्याची सभा गावाच्या चावडीत भरेल ही आशा कोणी करावी?

आमचे अमळनेर तसे सभांचे शहर. इथे १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभारले. अखिल भारतीय साहित्य संमेलन इथे १९५२ साली आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये भरले. दुसऱ्या खेपेस त्याच दिवसांत याच शहरात विद्रोही साहित्य संमेलनानेही आपला मांडव घातला. पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या मांडवात बसणे वेगळे, आणि आपली सभा आपण बोलावणे वेगळे.

शहराबाहेर पडले की हाच प्रश्न समाजमंदिराच्या रूपाने भेटतो. १९७०च्या दशकापासून सरकारी पैशातून दलित वस्त्यांत ही मंदिरे होत आली. एक खोली, पुढे ओटा, आत बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. गावाची चावडी सर्वांना खरोखर खुली झाली असती, तर वस्तीत दुसरी जागा बांधण्याची गरज पडली असती काय? हा सवाल मी टाळू इच्छित नाही. पण या खोलीत जयंतीची बैठक झाली, वर्षावासात ग्रंथवाचन झाले, घरात दिवा नसलेल्या पोरांनी इथल्या दिव्याखाली परीक्षेचा अभ्यास केला, हेही तितकेच खरे. याच तालुक्यात मी अशी मंदिरे पाहिली आहेत की ज्यांच्या दाराला कुलूप आणि आत कडब्याच्या पेंढ्या. किल्ली मागितली की ती दुसऱ्याच आळीत निघते.

आपल्या नावावरची वास्तूही आपोआप सुरक्षित राहत नाही. मुंबईत दादरचे आंबेडकर भवन, जिथे बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना होता, ते २५ जून २०१६ रोजी पहाटेच्या अंधारात पाडले गेले. महानगरात, चळवळीच्या डोळ्यांदेखत हे घडले, तर खेड्यातल्या एका खोलीची काय कथा?

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. आपापल्या वस्तीच्या समाजमंदिराचा इतिहास लिहा. वास्तू कोणत्या साली झाली, जागा कोणाच्या नावे आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यात काय नोंद आहे, किल्ली कोणाकडे असते आणि शेवटची सभा कधी झाली, हे वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना आणि विशेषतः बायांना विचारा. बायांना त्या सभेत बसायला जागा होती काय, हेही लिहा. चावडीच्या पायरीखाली आपले पूर्वज उभे होते. आपल्याच समाजमंदिरात आपल्या आया-बहिणी दाराबाहेर उभ्या असतील, तर ती नोंदही आपणच केली पाहिजे.