सीपीआर नव्हे, सीआरपी!



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. परवा कपाट आवरताना जून २०२१ मधल्या लॅबच्या कागदांची सुरळी हाती लागली. तेव्हा सौ.ला करोनाने गाठले होते. कोल्हापुरात दुसरी लाट ओसरायचे नाव घेत नव्हती आणि इकडे गगनबावड्यात पावसाने झोडपायला सुरुवात केली होती. मुलगा तिच्याजवळ कोल्हापुरात, मी घरी. रोज संध्याकाळी फोन यायचा, "बाबा, सीआरपी ८६." शेजारच्या काकूंना सांगितले तर त्या म्हणाल्या, "म्हणजे सीपीआरला हलवलं व्हय?" आमच्या जिल्ह्यात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. त्यांचे काय चुकले?

मग ८६चे ४१ झाले, ४१चे १२, आणि सौ. घरी आली. पण हा सीआरपी कोण, हे डोक्यातून जाईना. बी.ए.ला माझा विषय इतिहास. शास्त्राशी वाकडेच. म्हटले, निदान याचा इतिहास तरी वाचू.

तो सुरू होतो १९३० साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये. पेनिसिलिन तेव्हा औषध म्हणून हाती आलेले नव्हते, न्यूमोनियाने धडधाकट माणसे जात. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोघे न्यूमोनियाच्या जंतूचे वेगवेगळे अंश काढून रोग्यांच्या रक्ताच्या निवळीत मिसळून बघत होते. त्यातल्या 'सी' नावाच्या अंशाने गंमत केली. आजारी माणसाच्या निवळीत तो घातला की साका बसे. माणूस बरा झाला की त्याच्याच निवळीत काही होत नसे! एरवी आजाराशी लढताना तयार झालेली प्रतिद्रव्ये आजार गेल्यावरही राहतात. हे उलटेच होते. आणि न्यूमोनियाच नव्हे, दुसऱ्या काही आजारांतही ते दिसू लागले.

१९४१ मध्ये ऑस्वाल्ड एव्हरी यांच्या गटाने दाखवले की हे एक प्रथिन आहे. 'सी'ला प्रतिसाद देणारे म्हणून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. (हेच एव्हरी १९४४ साली डीएनएचे महत्त्व दाखवणार होते. नोबेल मात्र मिळाले नाही. असो.)

आता कळते ते असे. शरीरात कुठे जंतू शिरला किंवा इजा झाली की तिथल्या पांढऱ्या पेशी खवळतात आणि रक्तातून यकृताला सांगावा धाडतात. यकृत काही तासांत हे प्रथिन ओतू लागते. साधारण आठ तासांत दुप्पट, दोनएक दिवसांत कळस. खवळणे थांबले की सुमारे १९ तासांत निम्मे. म्हणून तर सौ.चा आकडा असा भराभर उतरला. आग लागल्याचे तो सांगतो, कुठे आणि कशाने ते मात्र सांगत नाही.

इथवर वाचताना मजा येत होती. मग मॅक्लीन मॅकार्टी हे नाव आले. एव्हरींचेच सहकारी. त्यांनी १९४७ मध्ये या प्रथिनाचे स्फटिक मिळवले आणि १९५० मध्ये ते एका बालरोगासाठी वापरून दाखवले, तो म्हणजे संधिवाताचा ताप. मुलांचा घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. आज गुडघा, चार दिवसांनी मनगट, मग घोटा. सांधे बरे होतात, पण तोवर हृदयाच्या झडपेला धक्का लागलेला असू शकतो. वरून बरे दिसणाऱ्या मुलाच्या आत दाह चालू आहे का, हे या प्रथिनावरून कळू लागले.

गुडघा, मनगट, घोटा. मी चष्मा काढून ठेवला.

१९७८ची गोष्ट. मी तालुक्यातल्या एका शाळेत नुकता रुळलो होतो. सातवीत एक मुलगी होती, वाडीवरून चिखल तुडवत येणारी. पावसाळ्यात तिचे खाडे सुरू झाले. विचारले तर म्हणाली, गुडघा दुखतोय. पुढच्या आठवड्यात म्हणाली, मनगट. मग घोटा. दुखणे कुठे असे गावभर फिरते? ही खोटे बोलतेय, असे मी वर्गात म्हणालो आणि तिला अंगठे धरून उभे केले. पाच मिनिटे असतील, दहा असतील. ती रडली नाही, एवढे आठवते.

डिसेंबरात तिला धाप लागू लागली. बापाने कोल्हापूरला नेले, तिथे झडप बिघडल्याचे निघाले. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायला ती एस.टी.ने पंचावन्न किलोमीटर जाई. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आले की तेही चुके. मॅकार्टींच्या कामाला तोवर अठ्ठावीस वर्षे झाली होती. पण मला ती तपासणी कळायची गरजच नव्हती. फिरणारे दुखणे तिने मला तीनदा सांगितले होते.

पुढे तिचे ऑपरेशन झाले, लग्न झाले, ती मुंबईला गेली. सौ. आजारी असल्याचे कुणाकडून तरी कळले म्हणून २०२१च्या त्या जूनमध्ये तिचाही फोन आला होता.

"सर, बाईंचा सीआरपी किती आहे?" तिचा पहिला प्रश्न.

तुला कसे गं माहीत हे, असे मी विचारले. म्हणाली, "मला साधा ताप आला तरी डॉक्टर आधी तेच बघतात."

तेव्हा मी हे काही वाचलेले नव्हते. आता वाचून झाले आहे आणि तिचा नंबर माझ्याकडे आहे. अजून फोन केलेला नाही.