अंतराळ कचरा

अंतराळ कचरा म्हणजे पृथ्वीभोवती फिरत राहिलेल्या, परंतु निरुपयोगी झालेल्या मानवनिर्मित वस्तू होत. निकामी उपग्रह, अग्निबाणांचे रिकामे टप्पे आणि स्फोट व टकरींतून निर्माण झालेले तुकडे यांचा त्यात समावेश होतो. अमेरिकेने १९५८ मध्ये सोडलेला व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह १९६४ पासून मूक असूनही आजही कक्षेत आहे.

स्वरूप व धोका

युरोपीय अंतराळ संस्थेच्या २०२४ च्या अंदाजानुसार १ ते १० सेंमी आकाराचे सुमारे १२ लाख तुकडे कक्षेत आहेत. निम्न कक्षेत वस्तूंचा वेग सेकंदाला ७ ते ८ किमी असल्याने एक सेंटीमीटरचा तुकडाही उपग्रह निकामी करू शकतो. मोठ्या तुकड्यांचा रडारने माग काढून अंतराळयान बाजूला घेता येते, तर अतिसूक्ष्म कण संरक्षक कवच अडवते. मधल्या आकाराचे तुकडे बहुधा दिसत नाहीत व कवचालाही दाद देत नाहीत. म्हणून ते विशेष घातक ठरतात.

कचऱ्याचे आयुष्य उंचीवर अवलंबून असते. ६०० किमीच्या खालील वस्तू विरळ वातावरणाच्या घर्षणाने काही वर्षांत खाली येतात. ८०० किमीवर त्यांना शतके लागतात.

केसलर परिणाम

टकरींतून निघालेले तुकडे नव्या टकरी घडवतील व ही साखळी आपोआप वाढत जाईल, असे नासाचे डोनाल्ड केसलर व बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. २००७ मध्ये चीनने क्षेपणास्त्राने स्वतःचा फेंगयुन-१सी हा उपग्रह फोडला. त्यातून माग काढता येण्याजोगे ३,००० हून अधिक तुकडे झाले. १० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियम-३३ व रशियाचा निकामी कॉसमॉस-२२५१ हे उपग्रह सायबेरियावर एकमेकांवर आदळले.

उपाय

* *निष्क्रियीकरण:* कार्य संपताच उरलेले इंधन व बॅटरीतील ऊर्जा काढून टाकल्यास स्फोट टळतो.
* *कक्षात्याग:* निम्न कक्षेतील उपग्रह २५ वर्षांत खाली आणावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. अमेरिकेने २०२२ मध्ये ही मुदत पाच वर्षांवर आणली. भूस्थिर उपग्रह सुमारे ३०० किमी वर ‘दफन कक्षेत’ नेले जातात.
* *निर्मूलन:* रिमूव्हडेब्रिस मोहिमेत जाळे (२०१८) व भाला (२०१९) यांच्या चाचण्या झाल्या. मात्र हे काम खर्चिक आहे. शिवाय १९६७ च्या अंतराळ करारानुसार निकामी वस्तूवरही मूळ देशाचाच हक्क राहतो, त्यामुळे ती त्याच्या संमतीविना हटवता येत नाही. म्हणूनच कचरा होऊ न देण्यावर भर दिला जातो.

भारत

२००१ मध्ये पीएसएलव्ही-सी३ चा अंतिम टप्पा कक्षेत फुटून शेकडो तुकडे झाले. त्यानंतरच्या उड्डाणांपासून इस्रोने निष्क्रियीकरणाचा अवलंब केला. ७ मार्च २०२३ रोजी मेघा-ट्रॉपिक्स-१ हा उपग्रह उरलेल्या इंधनाच्या साहाय्याने प्रशांत महासागरावर नियंत्रितपणे उतरवण्यात आला. अन्यथा तो शंभराहून अधिक वर्षे कक्षेत राहिला असता. भारताने २०३० पर्यंत सर्व मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे.

२ एप्रिल २०२२ रोजी सायंकाळी महाराष्ट्राच्या आकाशात जळत्या वस्तूंची रांग दिसली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असल्याचे मानले जाते. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.