यंत्राची नोटीस

स्थायी आदेशांचा कायदा १९४६ साली झाला. त्यातले एक कलम आम्हांला फार आवडे. कारखान्याचे नियम इंग्रजीत तर लावावेतच, पण बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही ठळक जागी फलकावर लावावेत, असे ते कलम होते. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. परंतु त्या कलमामागचा विचार काही जुना झालेला नाही. नियम मोडल्याचा दोष कामगाराच्या माथी मारायचा, तर तो नियम आधी त्याला कळेल असा सांगितला पाहिजे.

आज ज्या कामगारांविषयी बोलायचे आहे ते मागावर उभे राहत नाहीत, संगणकापुढे बसतात. त्यांनाही नोटिसा मिळतात. दिवसातून कितीदा तरी मिळतात. त्या देणारा माणूस नसतो, कंपायलर नावाचा एक प्रोग्रॅम असतो. कंपायलर म्हणजे दुभाष्या. माणसाने लिहिलेली आज्ञावली तो यंत्राच्या भाषेत उतरवतो, आणि उतरवता येत नसेल तर का येत नाही ते कळवतो. ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली आपल्या ए-० या प्रोग्रॅमला हे नाव दिले.

आमच्या युनियनच्या कचेरीत एका जुन्या सभासदाची मुलगी संध्याकाळी आपला संगणक घेऊन बसते; घरी जागा नाही. एकदा पडद्यावर तांबडी अक्षरे उमटली, आणि ती कपाळाला हात लावून म्हणाली, “काका, माझंच डोकं चालत नाही.” हे वाक्य आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहोत. चार्जशीट हातात पडलेला लेथवरचा पोरगाही हेच म्हणतो. आमची शाळा नववीत सुटली. तरी हट्ट धरला, की ही नोटीस समजून घ्यायचीच. त्यात एक हिवाळा गेला.

तक्रार होती ‘अचल’ वस्तू बदलण्याच्या प्रयत्नाविषयी. मूळ शब्द इम्यूटेबल, म्हणजे न बदलणारे. आता न बदलणारे ते बदलू नये, यात न कळण्यासारखे काय आहे, असे आपणांस वाटेल. आम्हांलाही वाटले होते.

प्रारंभी नोटीसच नव्हती. आय. बी. एम. कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली फोरट्रान ही भाषा आणली. तिच्या त्या काळच्या अनेक कंपायलरांत एक चमत्कार घडे. दोन हा आकडा स्मृतीच्या एका खणात ठेवलेला असे, आणि उपकार्यक्रमाला आकडा न देता त्या खणाचा पत्ता दिला जाई. उपकार्यक्रमाने तेथे तीन लिहिले, की पुढे जेथे जेथे दोन लिहिलेले असेल तेथे तेथे तीन धरले जात! यंत्र तोंडातून चकार शब्द काढीत नसे. हिशेब चुके आणि चूक शोधणारा वेडा होई. तेव्हा यंत्राने तक्रार करावी ही मागणी मुळात कामगाराच्याच हिताची होती, हे विसरता कामा नये.

बेल प्रयोगशाळेत सी ही भाषा जन्मली. तिच्यात पहिल्याने असा पहारा नव्हता. १९८१ साली बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी ‘रीडओन्ली’, म्हणजे ‘फक्त वाचण्यासाठी’, असा शब्द सुचवला. तेथील मंडळींना कल्पना पटली, पण शब्द बदलून त्यांनी ‘कॉन्स्ट’ केला. १९८९ च्या प्रमाण सी भाषेत तोच आला. आमच्या मते येथे एक चांगला शब्द हातचा गेला. ‘फक्त वाच’ ही आज्ञा माणसाला उद्देशून आहे. ‘स्थिर’ हे वस्तूचे वर्णन झाले, आणि वस्तू पुष्कळदा स्थिर नसतेच, फक्त या दाराने येणाऱ्याला लिहिण्याची मनाई असते.

जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरचे वागणे पाहा. साध्या अचल आकड्यावर दुसरा आकडा लिहू गेलात, तर तो सरळ सांगतो की केवळ वाचण्याच्या वस्तूत लिहिता आहात. पण सी प्लस प्लस भाषेत तीच चूक एखाद्या वस्तूच्या कार्याला हाक मारताना झाली, की तो म्हणतो, ‘धिस’ या नावाने दिलेला घटक ‘डिसकार्ड्स क्वालिफायर्स’, म्हणजे विशेषणे टाकून देतो. कसली विशेषणे? आणि हा ‘धिस’ कोण? लिहिणाऱ्याने तर तो लिहिलेलाच नसतो. कंपायलर पडद्यामागे प्रत्येक हाकेबरोबर वस्तूचा पत्ता एका गुप्त घटकातून पाठवतो, त्याचे ते नाव. पत्त्यावर ‘कॉन्स्ट’चा शिक्का आहे आणि घेणारा बिनशिक्क्याचा पत्ता मागतो आहे, एवढेच त्याला दिसते आणि तेवढेच तो बोलतो. नियम एक, चूक एक. पण दुसऱ्या वेळी तो कामगाराशी न बोलता आपल्याच दप्तराशी बोलतो.

जावास्क्रिप्टमध्ये २०१५ च्या प्रमाणाने ‘कॉन्स्ट’ आले. तेथे यंत्र प्रोग्रॅम चालू असताना सांगते की तुम्ही ‘कॉन्स्टंट व्हेरिएबल’ला नवी किंमत देत आहात. गणिताच्या मराठीत सांगायचे तर ‘अचल चल’. असो.

सर्वांत बोधप्रद इतिहास रस्ट या भाषेचा, आणि ती मुलगी लिहीत होती ती भाषाही हीच. ग्रेडन होअर यांनी २००६ साली ती स्वतःपुरती सुरू केली, २००९ पासून मोझिलाने पाठबळ दिले, आणि १५ मे २०१५ ला पहिली पक्की आवृत्ती निघाली. तिचा कायदा असा: प्रत्येक वस्तूचा मालक एकच. इतरांनी ती उसनी घ्यावी. उसनवारी दोन प्रकारची. पहिल्या प्रकारची एकाच वेळी कितीही जणांना मिळते. दुसरी मिळते ती एका वेळी एकालाच, आणि ती चालू असता बाकी सर्वांना बंदी. कारण उघड आहे. एकजण यादी वाचीत असता दुसऱ्याने तिच्यात भर घातली, तर जागा अपुरी पडून यादी स्मृतीत दुसरीकडे हलते, आणि वाचणारा रिकाम्या घराच्या दारात उभा राहतो.

म्हणजे खरा प्रश्न सामाईक की एकट्याचे, हा आहे. परंतु नावे पडली ‘अचल’ आणि ‘चल’. वास्तविक पहिल्या प्रकारच्या उसनवारीतूनही ‘सेल’ नावाची पेटी वापरून वस्तू बदलता येते! मे २०१४ मध्ये निको मात्साकिस यांनी हेच बोलून दाखवले आणि ‘म्यूट’ हा शब्द काढून ‘केवळ एकट्याचे’ अशा अर्थाचा शब्द आणावा असे सुचवले. मोठा गदारोळ झाला. त्याला ‘म्यूटपोकॅलिप्स’, म्हणजे म्यूटचा प्रलय, असे गमतीचे नावही पडले. कोठे काय बदलणार हे ‘म्यूट’ शब्दाने वाचणाऱ्याला चटकन दिसते, असे विरोधकांचे म्हणणे होते. सूचना बारगळली. आम्हांला येथे बोनसची आठवण होते. बोनस म्हणजे लांबणीवर टाकलेली मजुरी, असे कामगार चळवळ वर्षानुवर्षे सांगत आली; पण बक्षिसाचा वास असलेला तो शब्द १९६५ च्या कायद्याच्या नावातही राहिला. रुळलेला शब्द हटवणे हे संप जिंकण्याहून अवघड.

शब्द राहिला, म्हणून नोटीसही तशीच निघाली. जुना रस्ट कंपायलर म्हणे, ‘अचल उसना ऐवज चल म्हणून उसना घेता येत नाही.’ आम्ही हे मोठ्याने तीनदा वाचले. सावकाराच्या खतातही इतकी गुंतागुंत पाहिली नव्हती. पुढे ऑगस्ट २०१६ मध्ये त्या मंडळींनी नोटिशींची मांडणी बदलल्याचे जाहीर केले. एल्म या दुसऱ्या भाषेच्या समजूतदार नोटिशींपासून आपण हे घेतले, अशी प्रांजळ कबुलीही दिली. लिहिणाऱ्याचीच ओळ वर छापायची, चुकीच्या जागी खूण करायची आणि खुलासा तेथेच लिहायचा, अशी ती पद्धत. डिसेंबर २०१८ मध्ये तपासणीची नवी रीत आली आणि वाक्यही बदलले: वस्तू अमुक उसनवारीच्या ‘मागे’ आहे, म्हणून ती चल म्हणून घेता येत नाही. खाली उपायही येतो: येथे ‘म्यूट’ लिहून पाहा.

मुलीच्या पडद्यावर तेच होते. तिने सांगितल्याप्रमाणे ‘म्यूट’ लिहिले, आणि ती तक्रार जाऊन दुसऱ्या ठिकाणी दुसरी उभी राहिली. कारण यादी खरोखरच तीन ठिकाणी सामाईक होती. आम्ही युनियनचे वर्गणीचे पुस्तक तिच्यापुढे टाकले. म्हटले, “हे चौघे एकदम वाचू शकतात. पावती लिहायची झाली, तर बाकीच्यांनी हात काढायला नको का?” ती जरा वेळ गप्प राहिली. मग पडद्यावरचे इंग्रजी वाक्य पुन्हा वाचून आपल्याच शब्दांत म्हणाली, “म्हणजे, वही चौघांत आहे, लिहायचं असेल तर आधी एकटीच्या हातात घे, असं म्हणायचंय त्याला.”

आणि तिने यादी कोणाकोणाकडे गेली आहे ते कागदावर मांडायला घेतले.