घाटावरची भाकरी

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. मुरबाड तालुक्यातील हे गाव एरवी लहानसेच. परंतु खांबलिंगेश्वराच्या, म्हणजे लोकांच्या तोंडच्या म्हसोबाच्या, या यात्रेत बैलांचा बाजार आणि घोंगड्यांची दुकाने अशी काही दाटी करतात की गावाची ओळखच बदलून जाते. घोंगडी घेऊन येणारे कित्येक जण माळशेज घाट उतरून आलेले असतात. घाटाखाली आणि घाटावर यांचे हे येणेजाणे फार जुने आहे. याच तालुक्यातून नाणेघाट चढून सातवाहनकाळातले व्यापारी कल्याणहून जुन्नरला जात. ज्या विषयावर आज लिहीत आहे त्याचा उगमही घाटावरच शोधावा लागतो, कारण आपल्या परिसरातील मराठी कॅथलिक कुटुंबांपैकी अनेकांची मुळे नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, आहेत. अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांनी त्यांना खाली ओढून आणले.

अशाच एका कुटुंबातील महाविद्यालयात शिकणारी मुलगी एका रविवारी मिस्सा संपल्यावर थांबली. वर्गातील कोणीतरी तिला हसत हसत विचारले होते, तुझ्या पणजोबांना किती पायली जोंधळा मिळाला? तिने मला विचारले, "फादर, हे खरे आहे का?" उभ्या उभ्या देता येईल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते. जे सांगायचे राहिले ते येथे सांगतो.

१८७६ ते १८७८ ही तीन वर्षे दख्खनवर काळासारखी आली. पाऊस गेला, जोंधळा गेला, मग गुरे गेली. सरकारने दुष्काळी कामे काढली. पण सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी खाली आणली की दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाच्या वाट्याला जेमतेम एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, धान्य आणि वर किरकोळ रक्कम येई. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातील मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली. उपाशी माणसे संप करतात हे वाचून आजही मन थबकते. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगातून मदतीचे नियम तयार झाले. ते येईपर्यंत गावे ओस पडली होती.

अमेरिकन मराठी मिशन नगरात १८३१ पासूनच काम करीत होते. जर्मन येशूसंघीय धर्मगुरू त्या मुलुखात रुजले ते या दुष्काळानंतरच्या वर्षांत. त्यांच्याकडे आलेली माणसे प्रामुख्याने महार आणि मांग वस्त्यांतील होती. दुष्काळ सर्वांवर आला असला तरी सर्वांवर सारखा आला नाही. ज्याच्या घरी बळद होते त्याने वर्ष काढले. ज्याचे पोट बलुत्यावर आणि वतनावर होते त्याचे बलुते मालकाच्या खळ्याबरोबरच रिकामे झाले. मिशनने धान्य दिले, अनाथ मुले सांभाळली, शाळा काढल्या. पुढे १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे आणखी दोन दुष्काळ पडले. याच काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणून केडगावला आसरा दिला. पंथ वेगळा होता, भूक तीच होती.

तेव्हा, धान्य मिळाले का? होय, मिळाले, आणि ते लपवण्याचे कारण नाही. आपल्या काही लेखकांना हा उल्लेख टाळावासा वाटतो, हे मला पटत नाही. धान्य देणाऱ्यांच्या मनात धर्मप्रसाराची आशा नव्हती असे म्हणणेही खोटेपणाचे होईल. त्या पिढीची धर्मश्रद्धाच तशी होती. शरीराची भूक आणि आत्म्याची तहान ही त्यांना एकाच माणसाची दोन दुखणी वाटत. काही ठिकाणी घाईने बाप्तिस्मे झाले, आणि पाऊस आल्यावर काही कुटुंबे परतही गेली.

पण जे परत गेले नाहीत त्यांचे काय? मी तरुणपणी घाटावर असताना एका वृद्ध आजींनी मला हा हिशेब आपल्या पद्धतीने समजावला होता. त्यांचे म्हणणे असे, की धान्य मिळाले ते एका दुष्काळापुरते. त्यानंतरची शंभर वर्षे आम्ही कोणत्या धान्यावर ख्रिस्ती राहिलो ते विचारणाऱ्याने सांगावे. या प्रश्नाला इतिहासाचा भक्कम आधार आहे. १९१४ च्या महायुद्धात जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. सरकारने त्यांना प्रथम स्थानबद्ध केले आणि पुढे देशाबाहेर पाठवले. ज्यांच्या हातचे धान्य खाल्ले म्हणायचे ते हातच गेले. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये सुरू केलेल्या ‘निरोप्या’चे वाचक मात्र ख्रिस्तसभेतच राहिले. मग १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आला. अनुसूचित जातींच्या सवलती त्यात हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना मिळाल्या नाहीत. गावाच्या विहिरीवर जात तीच राहिली, कचेरीत मात्र ती पुसली गेली. नोकरी, शिष्यवृत्ती, वसतिगृह हे सारे एका दाखल्यावर मिळू शकत असताना आजच्या पिढीचे आजी-आजोबा रविवारी मिस्सेला जात राहिले. पोटासाठी धर्म धरणाऱ्याने पोटासाठीच तो सोडलाही असता.

शुभवर्तमानातही हा प्रसंग आहेच. पाच हजारांना भाकरी दिल्यावर लोक प्रभूला शोधत आले, तेव्हा ते भाकरीसाठी आले आहेत हे त्याने त्यांना तोंडावर सांगितले. पण हे आधी ठाऊक नव्हते म्हणून त्याने भाकरी दिली, असे कोणी म्हणणार नाही.

आपल्या हयातीतील मोठा दुष्काळ १९७२ चा. मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी, शाळेतली सुकडी आणि रस्त्याकडेला खडीचे ढीग, एवढे सांगितले की घाटावरच्या कोणत्याही साठीपलीकडच्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. तोवर ख्रिस्तसभेत बरेच बदलले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याची घोषणा केली आणि विश्वास कोणावरही लादता येत नाही हे निःसंदिग्धपणे मांडले. १९६७ मध्ये पोप पॉल सहावे यांनी राष्ट्रांच्या विकासावर परिपत्रक काढले. स्वित्झर्लंडमधून १९४८ मध्ये आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर नगरला सोशल सेंटर चालवीत होते. वाटलेले धान्य पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संपते, आणि मग पुन्हा तीच रांग, हे त्यांनी पाहिले. डोंगरावर पडलेले पाणी तेथेच अडवले नाही तर खाली विहीर खणून उपयोग नाही, म्हणून काम माथ्यापासून पायथ्याकडे आणायचे: वर सलग समतल चर, खाली नाल्यांवर बांध. गावाने आधी श्रमदान करायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, आणि निर्णय ग्रामसभेने घ्यायचा. यातूनच नाबार्ड आणि जर्मन शासनाच्या साहाय्याने भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला, आणि १९९३ मध्ये बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी ‘वॉटर’ ही संस्था स्थापली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत १९९६ पासून हे काम झाले. ते पाहायला देशोदेशींचे लोक येऊ लागले. पाणी अडले ते सर्वांच्या शिवारात. चर खणताना कोणाचा धर्म विचारला गेला नाही. फादर बाखर २०२१ मध्ये निवर्तले.

मला या कामाचे फार कौतुक आहे, तरीही एक गोष्ट सलते. अडलेले पाणी ज्याची जमीन त्याच्या विहिरीत उतरते. भूमिहीनाला मजुरी मिळते, पण चराईबंदी आली की पहिला फटका त्याच्याच शेळ्यांना बसतो.

म्हशाकडे पाहिले तर कोडे उलटे आहे. येथे पाऊस घाटावरच्या पाचपट तरी पडतो. शेजारच्या शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा मुंबईची तहान भागवतात, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर एप्रिलमध्ये टँकर जातो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर निघतात. बयाणा आधीच घेतलेला असतो, तो पावसाळ्यात खाऊनही झालेला असतो. या माणसांकडे आपण नाताळात कपडे आणि तांदूळ घेऊन जातो. जावेच, पण त्या दिवशी बहुतेक घरांना कुलूपही नसते, नुसती कडी असते, कारण घरातले सगळे भट्टीवर असतात.

एका यात्रेत मी घोंगडीचा भाव करीत बसलो होतो. विकणारा धनगर संगमनेरकडचा निघाला. त्याच्या गावात बंधारे झाले, विहिरींना पाणी आले, कांदा होऊ लागला, हे त्याने आनंदाने सांगितले. मग मी त्याच्या मेंढरांबद्दल विचारले. डोंगर बंद झाला त्या वर्षीच चुलत्याने कळप विकला, असे तो म्हणाला, आणि घोंगडीची घडी घालू लागला. ही लोकर आता तो विकत घेतो.