शाळेला लागलेले कुलूप

अमेरिकेतील वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याचा विषय निघाला, की आपल्याला मार्टिन ल्यूथर किंग आठवतात. पण त्यांचे नाव देशभर होण्याआधी, १९५१ साली, व्हर्जिनिया राज्यातल्या फार्मव्हिल या लहान गावी सोळा वर्षांच्या एका मुलीने शाळेत संप घडवून आणला होता. तिचे नाव बार्बरा जॉन्स.

ती शिकत होती ते मोटन हायस्कूल कृष्णवर्णीय मुलांसाठीचे. १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या शाळेत साडेचारशे मुले झाली. इमारत वाढवण्याऐवजी आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोल्या उभ्या केल्या गेल्या. बघणाऱ्याला ती कोंबड्यांची खुराडी वाटत. पावसात छप्पर गळे, मुले छत्री उघडून बसत. थंडीत शेगडीजवळचा मुलगा घामाघूम आणि कोपऱ्यातला अंगात कोट घालून कुडकुडतोय. प्रयोगशाळा नाही, व्यायामशाळा नाही. गावातल्या गोऱ्यांच्या शाळेत हे सगळे होते. समाजात आपली किंमत काय, हे त्या मुलांना वेगळे शिकवावे लागत नव्हते.

२३ एप्रिलला बार्बराने खोटा निरोप पाठवून मुख्याध्यापकांना शाळेबाहेर काढले, सभा भरवली आणि सगळी शाळा वर्ग सोडून निघाली. मुलांची मागणी साधी होती : नवी इमारत. वकील म्हणाले, नुसती इमारत मागणार असाल तर आम्ही येत नाही, वेगळ्या शाळाच रद्द करा असे म्हणा. पालक तयार झाले. (केवढे धाडस! शाळेच्या आवारात क्रूस जाळला गेला. बार्बराला काकाकडे दूर माँटगोमेरीला पाठवावे लागले.) हा खटला पुढे ‘ब्राऊन’ खटल्यातल्या पाच प्रकरणांपैकी एक झाला आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

आपण इथे टाळ्या वाजवून थांबतो. मला मात्र पुढचे जास्त बोचते. १९५९ मध्ये, शाळा एकत्र करायची वेळ आली तेव्हा, प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या कारभाऱ्यांनी सरकारी शाळांचा पैसाच बंद केला. सगळ्या शाळांना कुलूप! गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा लगोलग उभी राहिली, तिच्या फीला सरकारी अनुदानही मिळाले. कृष्णवर्णीय मुले परगावी नातेवाइकांकडे गेली, काही चर्चमधल्या तात्पुरत्या वर्गांत बसली. बरीचशी घरीच राहिली, शेतात राबली. १९६३ मध्ये देणग्यांवर वर्षभर मोफत शाळा चालली. सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या निकालानंतर १९६४ मध्ये कुलूप निघाले. १९५९ मध्ये पहिलीत जायचा मुलगा तोवर अकरा वर्षांचा झाला होता. थोरल्यांपैकी कित्येक परत आलेच नाहीत.

२००३ साली त्या विद्यार्थ्यांना मानद प्रमाणपत्रे देण्यात आली. पुढच्या वर्षी व्हर्जिनियाने त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती सुरू केली : पन्नाशी-साठीतल्या माणसांना अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करता यावे म्हणून.