भूक-तहान अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांचे पुरस्कार: कोणता पुरस्कार नेमकं काय सांगतो?

'पुरस्कारविजेत्या शास्त्रज्ञाने सांगितलं, दिवसाला चार लिटर पाणी प्याच!' असलं रील तुमच्याही फोनवर कधीतरी आलं असेल. आमच्या गोसीखुर्दला मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, त्यामुळे पाण्याचे असे व्हिडिओ इकडे फॅमिली ग्रुपवर जोरात फिरतात. मागच्या उन्हाळ्यात मी घरून काम करत होतो, तेव्हा चुलत भावाने विचारलं, "दादा, तहानेवर संशोधन करून अवॉर्ड भेटते का?"

भेटते! आणि एक नाही, बरेच. पण प्रत्येक पुरस्काराचा अर्थ वेगळा असतो आणि रीलवाले तोच सांगत नाहीत. म्हणून हा लेख.

अन्नाचं विज्ञान वेगळं, खाण्याचं वेगळं

कमला सोहोनी हे नाव शाळेत ऐकलं असेल. त्यांनी 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली आणि पुढे नीरेतल्या पोषणमूल्यांवर काम केलं. त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. हे झालं अन्नाचं विज्ञान, म्हणजे पेल्यात काय आहे ते शोधणं. पेला उचलावासा का वाटतो आणि कधी खाली ठेवावासा वाटतो, हा दुसरा प्रश्न. तो अभ्यासणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे: सोसायटी फॉर द स्टडी ऑफ इन्जेस्टिव्ह बिहेव्हियर, थोडक्यात एसएसआयबी.

ही संस्था वेगवेगळ्या कारणांसाठी वेगवेगळे पुरस्कार देते. डिस्टिंग्विश्ड करिअर अवॉर्ड आयुष्यभराच्या कामासाठी असतो. ॲलन एपस्टाइन पुरस्कार एखाद्या ठरावीक शोधासाठी, होबेल पुरस्कार कल्पकतेसाठी, आणि नवख्या संशोधकांना परिषदेला येण्यासाठी प्रवासाची मदत मिळते. म्हणजे 'एसएसआयबीचा पुरस्कार मिळाला' एवढ्यावरून काहीच कळत नाही. कुठला, ते विचारायचं.

सुरुवात एका भारतीयापासून

या पुरस्कारांवरची नावं पाहिली की मागे एक गोष्ट सापडते, आणि तिच्यात आपला माणूस आहे. 1951 मध्ये बाळ कृष्ण आनंद हे भारतीय डॉक्टर अमेरिकेत येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्यासोबत काम करत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंचा ठरावीक तुकडा निकामी केला की उंदीर समोर अन्न असूनही खात नाही, असं या दोघांना दिसलं. त्याला 'फीडिंग सेंटर' म्हटलं गेलं, सोप्या भाषेत भुकेचा स्विच. आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये याच विषयावर काम करत राहिले. त्यांना भटनागर पुरस्कार आणि पद्मश्री मिळाली.

पण स्विच ही उपमा फार काळ टिकली नाही. फिलिप टायटेलबॉम आणि ॲलन एपस्टाइन यांनी 1962 मध्ये दाखवलं की अशा उंदरांना नळीने अन्न देऊन जिवंत ठेवलं तर ते हळूहळू पुन्हा खायला लागतात. पाणी पिणं मात्र नीट परत येत नाही. म्हणजे भूक आणि तहान हे दोन वेगळे प्रोग्राम आहेत, आणि एक भाग क्रॅश झाला तरी बाकीची सिस्टिम काही काम उचलून घेते. त्याच वर्षी टायटेलबॉम यांच्याबरोबर त्याच भागावर काम छापणारा दुसरा तरुण म्हणजे बार्टली होबेल. आज ज्यांच्या नावाने पुरस्कार दिले जातात ते हेच दोघे, एपस्टाइन आणि होबेल.

एपस्टाइन यांचं तहानेवरचं काम मला सगळ्यात भारी वाटतं. 1970 मध्ये त्यांनी फिट्झसिमन्स आणि बार्बरा रोल्स यांच्यासोबत दाखवलं की अँजिओटेन्सिन नावाचं रसायन अगदी थोडं जरी उंदराच्या मेंदूत सोडलं, तरी तहान नसलेला उंदीरही पाणी प्यायला लागतो. शरीरातलं पाणी घटलं की हे रसायन वाढतं, रक्तदाब सांभाळतं आणि मेंदूला 'पाणी पी' असा मेसेजही देतं. घरात कुणाला बीपीसाठी टेल्मिसार्टन सुरू असेल तर ती गोळी याच अँजिओटेन्सिनचा परिणाम अडवते. आता सांगा, सगळ्यांसाठी सरसकट 'चार लिटर' हा आकडा कसा चालेल? उन्हात धान रोवणारा माणूस आणि एसीत कोडिंग करणारा मी यांची गरज सारखी कशी असेल? औषधं सुरू असतील तर किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना विचारायचं, ॲपला नाही.

जीभ मोजणारा सेन्सर

करिअर अवॉर्ड म्हणजे काय, हे बघायचं तर ब्रुकलिन कॉलेजच्या अँथनी स्क्लाफानी यांचं उदाहरण घ्या. त्यांना एसएसआयबीचा हा पुरस्कार मिळाला आहे. 1976 मध्ये त्यांनी उंदरांना नेहमीच्या खाद्यासोबत चॉकलेट, कुकीज, चीज, सलामी, पीनट बटर असा दुकानातला माल दिला. उंदीर झपाट्याने लठ्ठ झाले. लठ्ठपणाच्या संशोधनात 'सुपरमार्केट डाएट' हा शब्द तिथून रुळला.

आपल्या कामाची गोष्ट नंतरची. त्यांच्या प्रयोगशाळेत उंदीर बाटलीला किती वेळा जीभ लावतो ते सेन्सर मोजायचा, आणि प्रत्येक चाटण्याबरोबर कॉम्प्युटरवर चालणारा पंप उंदराच्या थेट पोटात द्रव सोडायचा. एका चवीच्या पाण्यासोबत पोटात साखर, दुसऱ्या चवीसोबत नुसतं पाणी. साखर जिभेला लागतच नव्हती, तरीही काही दिवसांनी उंदीर पहिलीच चव मागायचा. म्हणजे आतडंही मेंदूला सांगतं, 'हे परत खा'. आज आपण याला आयओटी म्हटलं असतं. हे 1990 च्या सुमाराचं आहे! हा पुरस्कार अशा एखाद्या प्रयोगाला मिळत नाही, तोच प्रश्न कित्येक वर्षं नाना बाजूंनी तपासत राहण्याला मिळतो.

मोठ्या पुरस्कारांपर्यंतही हा विषय पोचला आहे. पोट भरल्याची खबर देणाऱ्या लेप्टिनसाठी डग्लस कोलमन आणि जेफ्री फ्रीडमन यांना 2010 चा लॅस्कर पुरस्कार मिळाला. सध्या गाजणाऱ्या वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांमागे जीएलपी-1 हा हार्मोन आहे. त्यावरच्या कामासाठी 2024 चा लॅस्कर जोएल हॅबेनर, लोटे ब्येर्रे नुडसेन आणि स्वेतलाना मोयसोव्ह यांना मिळाला.

भारतात या विषयाचं काम शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. गोसीखुर्दहून दोनेक तासांवरच्या नागपूर विद्यापीठात आणि नंतर पुण्याच्या आयसरमध्ये डॉ. निशिकांत सुभेदार यांनी मेंदूतल्या भुकेशी संबंधित रसायनांवर काम केलं. 2014 मध्ये आयसरचे ऑर्नब घोष आणि त्यांच्या चमूने झेब्राफिश माशावर शोधनिबंध छापला. भूक कमी करणारं कार्ट नावाचं रसायन बनवणारी चार जनुकं या माशात आहेत, आणि मासा उपाशी आहे की पोट भरलेला, त्यानुसार मेंदूत त्यांचं काम बदलतं. आपल्याकडच्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत आयुष्यभराच्या कामासाठी 'विज्ञान रत्न' आहे आणि 45 वर्षांपर्यंतच्यांसाठी 'विज्ञान युवा'. त्यामुळे इथेही तोच प्रश्न: कुठला पुरस्कार?

पुरस्कार खरा, आकडे खोटे?

ब्रायन वॅन्सिंक हे कॉर्नेल विद्यापीठातले नाव होतं. खालून गुपचूप भरत राहणाऱ्या सूपच्या वाडग्यातून लोक 73 टक्के जास्त सूप पितात आणि त्यांना ते कळतही नाही, या प्रयोगाला 2007 चा इग नोबेल मिळाला. इग नोबेल हा आधी हसवणारा, मग विचार करायला लावणारा पुरस्कार. संशोधनाची तपासणी करणं हे त्याचं काम नाही. टीव्ही, पुस्तकं, शाळांच्या कँटीन, सगळीकडे वॅन्सिंक पोचले. मग 2017 मध्ये तीन संशोधकांनी पिझ्झा बुफेवरचे त्यांचे चार निबंध तपासले आणि जवळपास 150 विसंगती काढल्या. 2018 मध्ये कॉर्नेलने संशोधनातला गैरप्रकार सिद्ध झाल्याचं जाहीर केलं, आणि त्याच सप्टेंबरमध्ये जामा गटाच्या नियतकालिकांनी त्यांचे सहा निबंध एकदम मागे घेतले.

अशी तपासणी करायची एक युक्ती तुमच्या फोनच्या कॅल्क्युलेटरवरही होते. तिचं नाव ग्रिम टेस्ट; निक ब्राऊन आणि जेम्स हीदर्स यांनी ती मांडली. समजा 20 जणांना विचारलं, 'पिझ्झाचे किती तुकडे खाल्ले?' उत्तरं पूर्ण आकड्यांतच आली. मग सरासरी 3.45 येऊ शकते (69 भागिले 20), 3.50 येऊ शकते, पण 3.47 कधीच येणार नाही, कारण 3.47 गुणिले 20 म्हणजे 69.4, आणि 0.4 तुकडा कुणी सांगितलेलाच नाही. निबंधात 3.47 छापलं असेल तर कुठेतरी गडबड आहे: टायपिंगची, माणसं मोजण्याची किंवा त्याहून वाईट. मात्र 17 माणसं असतील तर 3.47 बरोबर बसतं (59 भागिले 17), म्हणून आधी किती माणसं होती ते बघायचं. माणसं शंभर किंवा जास्त असतील आणि सरासरी दोनच दशांशांपर्यंत दिली असेल, तर ही युक्ती चालत नाही.