मुडदूस

"ह्याला मुडदूस झालाय," आजी म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरून मी बंड्याला ठेवलं होतं. बंड्या म्हणजे आमचा हिरवा इग्वाना. मावसभाऊ जर्मनीला शिकायला गेला, जाताना काचेच्या पेटीसकट तो आमच्याकडे ठेवून गेला आणि नोंदणीचे कागद एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून माझ्या हातात दिले. त्याला आता आठ महिने झाले होते. गेला आठवडाभर बंड्या पोट उचलून चालत नव्हता, जमिनीवरून फरफटत होता. मागच्या मांड्या सुजल्यासारख्या दिसत होत्या. मला वाटलं होतं, चांगलं बाळसं धरलंय. आजीनं एका बोटानं त्याचा जबडा अलगद दाबला. तो रबरासारखा आत गेला.

मी हसलो. मुडदूस माणसांच्या पोरांना होतो, सरड्याच्या भावकीला कुठला? दोन दिवसांनी पुण्यातल्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवला. त्यात हाडं कुठं संपतात आणि मांस कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मेटाबोलिक बोन डिसीज." मी विचारलं, म्हणजे मुडदूस का? त्या थबकल्या. "जवळजवळ तोच. हा शब्द कुठून काढलात?"

चूक माझी होती, आणि ती नीट समजून घेतली तेव्हा जास्तच लाज वाटली. मी पेटी खिडकीशी ठेवली होती. दिवसभर ऊन यायचं, मला वाटायचं काम झालं. पण उन्हातले ज्या अतिनील किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे, ते खिडकीच्या साध्या काचेतून आत येतच नाहीत. उजेड येतो, ऊब येते, नेमकं हवं ते बाहेर राहतं. ड जीवनसत्त्व नाही म्हणजे खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं, कारण हृदय आणि स्नायू चालायला रक्तात कॅल्शियम लागतंच. त्यात मी रोज पालक घालत होतो. पालकातलं ऑक्झॅलेट असलेलं कॅल्शियमही बांधून टाकतं. मांड्यांचं 'बाळसं' म्हणजे पोकळ होत चाललेल्या हाडाभोवती शरीरानं घाईघाईनं घातलेलं तंतूंचं लिंपण होतं.

त्या रात्री झोप आली नाही. मोबाइलवर वाचत बसलो आणि १८८९ सालच्या लंडनमध्ये जाऊन पोहोचलो.

तिथल्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे जगत नव्हते. पाय वाकायचे, मग मरायचे. जॉन ब्लँड-सटन नावाच्या सर्जनला बोलावलं गेलं. छाव्यांना घोड्याचं नुसतं मांस मिळायचं, हाड नाही, चरबी नाही. त्यानं ठेचलेली हाडं, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल सुरू करायला सांगितलं. पिंजरा तोच, अंधार तोच, गारठा तोच. काही महिन्यांत छावे सुधारले आणि मोठे झाले. इतका स्वच्छ प्रयोग हातात असूनही माणसांच्या डॉक्टरांनी त्याकडे पुढची तीस वर्षं फारसं लक्ष दिलं नाही. सिंहाचं औषध गिरणगावातल्या पोराला कसं लागू पडेल, असं वाटलं असावं. मी आजीला हसलो होतो, त्याचीच ही उलटी बाजू.

पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, थिओबाल्ड पाम या डॉक्टरनं वेगळंच सांगितलं. तो जपानमध्ये मिशनरी म्हणून राहून इंग्लंडला परतला होता. तिकडे न दिसलेली वाकड्या पायांची मुलं त्याला इथं गल्लोगल्ली दिसली. त्यानं देशोदेशीच्या मिशनरी डॉक्टरांना पत्रं लिहून माहिती जमवली आणि निष्कर्ष काढला, की जिथं ऊन आहे तिथं मुडदूस नाही. म्हणजे एक म्हणतो तेल, दुसरा म्हणतो ऊन. दोन्ही गट बराच काळ भांडत राहिले.

पहिल्या महायुद्धानंतरच्या उपाशी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या बालरोगतज्ज्ञानं मुडदूस झालेल्या मुलांना क्वार्ट्झच्या पारा-दिव्याखाली बसवलं. हाडं भरून आली. पुढं त्यानं एकाच हातावर उजेड पाडून पाहिला, तर दुसऱ्या हाताची हाडंही सुधारली. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे जात होतं. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलमनं तेलातला तो घटक वेगळा ओळखला. तेल आणि ऊन, दोघं एकच वस्तू देत होते.

त्याच १९२२ सालचा आणखी एक शोधनिबंध सापडला आणि मी अंथरुणात उठून बसलो. हचिसन आणि शाह या दोघांनी तो लिहिला होता. त्यांनी मुडदूस पाहिला होता तो आपल्या नाशिकमध्ये. इतक्या उन्हाच्या गावात मुडदूस कसा? त्यांना दिसलं, की तो सुखवस्तू, पडदा पाळणाऱ्या घरांत होता. मुसलमानांत होता, वरच्या जातीच्या हिंदूंतही. तिथं दूधतूप होतं, पण बाया आणि तान्ही पोरं घराबाहेर पडत नव्हती. शेतावर पोराला झाडाखाली निजवून राबणाऱ्या गरीब बाईच्या ताटात फार काही नव्हतं, तरी तिच्या पोरांचे पाय सरळ होते.

सकाळी हे आजीला वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती. जरा वेळानं म्हणाली, "आमची कुसुम."

कुसुम तिची धाकटी बहीण. मला फक्त एक म्हातारी, डुलत चालणारी मावशीआजी आठवते. वाईच्या वाड्यात ती अशक्त जन्मली. वारा लागेल, दृष्ट लागेल म्हणून दोन वर्षं माजघराबाहेर काढलीच नाही. "सगळ्यांत लाडकी तीच होती. मी आपली उघडी नदीवर हुंदडायचे. मला काही झालं नाही." मग ती पुन्हा लसणाकडे वळली. मी पेटीकडे पाहत राहिलो. मांजराच्या भीतीनं मीच तिला वरून काचेचं झाकण केलं होतं.

ज्या बाईनं अशा प्राण्यांसाठी घर कसं असावं ते दाखवून दिलं, ती स्वतः जन्मभर आजारी होती. जोन बोशां प्रॉक्टर, जन्म १८९७. लहानपणी तिच्याकडे डाल्मेशियाचा एक सरडा होता, तो तिच्यासोबत जेवायला बसे. शाळेत असताना ती मगरीचं पिल्लू घेऊन वर्गात गेली होती. पोटाच्या दुखण्यामुळे केंब्रिजला जाता आलं नाही. तरी १९२३ मध्ये ती लंडन प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची क्युरेटर झाली. तिच्या आराखड्यावर बांधलेलं घर १९२७ मध्ये उघडलं. विजेवर चालणारी, जागोजाग वेगवेगळी ऊब त्यात होती, म्हणजे प्राण्यानं आपल्याला हवं तिथं जाऊन बसावं. त्याच दशकात तिथल्या काही पिंजऱ्यांत अतिनील किरण आत सोडणारी 'व्हिटा ग्लास' ही काच बसवून पाहिली गेली. म्हणजे माझ्या खिडकीचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच तयार होतं.

त्याच वर्षी तिच्याकडे दोन कोमोडो ड्रॅगन आले. त्यातला सुंबावा तिच्यामागून बागेत फिरायचा. १९२८ च्या एका वैज्ञानिक सभेत त्यानं तिच्या हातून कोंबडी, अंडी आणि कबूतर खाल्लं, आणि तेव्हा ती त्याला थोपटत होती. (घोरपडीच्या या थोरल्या भावाचं वाचताना यशवंती आठवतेच. ती खरी की दंतकथा, तो वाद इथं नको.) पुढं पुढं तिला चालवेना, मग ती चाकांच्या खुर्चीतून फेरी मारायची, सुंबावा सोबत असायचा. १९३१ मध्ये ती गेली. वय ३४.

बंड्याला महिनाभर कॅल्शियमचं औषध चाललं. तोंडात सुई नसलेल्या सिरिंजनं थेंब थेंब, आणि धरायचं ते जपून, कारण अशा हाडाला नुसत्या पकडीनं तडा जातो. पालक बंद, शेवग्याचा आणि तुतीचा पाला सुरू. यूव्हीबी दिवा आणला. त्याची गंमत अशी की वर्षभरात त्यातले कामाचे किरण संपत येतात, दिवा मात्र छान पेटलेला दिसतो. म्हणून बदलायची तारीख मी पेटीवर खडूनं लिहून ठेवलीय.

जबडा वाकडाच राहिला. डॉक्टर म्हणाल्या, आता तो तसाच राहणार. तिसऱ्या आठवड्यात बंड्यानं पोट उचललं, चार पावलं टाकली आणि बसला.

आता रोज दहाच्या सुमाराला आजी त्याला जाळीच्या पिंजऱ्यात घालून गच्चीवर नेते, अर्ध्या भागावर गोणपाट टाकते म्हणजे त्याला सावलीत सरकता येतं, आणि शेजारी पेपर वाचत बसते. "कोवळं ऊन" तिला अजून जास्त पटतं. कोवळ्या उन्हात हे किरण फारसे नसतात, हे मी दोनदा सांगून पाहिलं. परवा पिंजरा साफ करायला त्याला बाहेर काढलं, तर देवासाठी काढून ठेवलेल्या जास्वंदीतली दोन फुलं त्यानं खाल्ली. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ताटलीत दोन फुलं जास्त होती.